लिहिणारी एक, वाचणारा दुसरा

३ फेब्रुवारी

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद. टायपिस्टबाई नुसतं ‘अ. आ.’ लिहून मोकळ्या होत होत्या. मी म्हटलं, आशीर्वादात काटकसर नको, अख्खा लिहा.

वि. वि. तुझी स्मरणशक्ती कशी आहे? माझी ठणठणीत आहे म्हणून विचारते. मागच्या महिन्यात येऊन गेलीस तेव्हा चष्मा विसरलीस, छत्री विसरलीस आणि मी तीनदा विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं विसरलीस. चष्मा आणि छत्री पार्सलने धाडली आहे. उत्तर मात्र तुझ्याच डोक्यात आहे, ते तुलाच धाडावं लागेल. फोनवर विचारायची सोय नाही. फोनवर तू “हो आजी, हो आजी” म्हणतेस आणि तेवढ्यात तुझ्या हापिसात काहीतरी वाजतं. पत्राचं बरं असतं, ते पुराव्याला राहतं.

तर प्रश्न पुन्हा सांगते. हे तुमचं इंटरनेट दिवसेंदिवस सुरक्षित होत चाललंय की बिघडत चाललंय? सात वर्षं तू हॉस्पिटलच्या संगणकांवर पहारा देते आहेस, म्हणून तुला विचारते. आमच्या गल्लीचं मत पक्कं आहे. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणतो, आता काही खरं नाही, सगळ्यांचं सगळं चोरीला गेलेलं आहे, फक्त आपल्याला अजून कळलेलं नाही. खालच्या मजल्यावरच्या या टायपिस्टबाईंनी फोनच्या कॅमेऱ्यावर जखमेची पट्टी चिकटवली आहे. कोण बघणार आहे म्हणून विचारलं, तर त्यांना ते सांगता येईना. तुझा बाप म्हणतो, पूर्वी बरं होतं. त्याला पूर्वीपासून पूर्वीच बरं वाटतं. मला लिहितावाचता येत नाही, म्हणून माझं मत कुणी विचारत नाही. पण खरंच बिघडत चाललं असेल, तर माझी नात सात वर्षं तिथे करते काय, हे मला कळायला हवं.

आता एक गाऱ्हाणं. टायपिस्टबाई रुसल्या आहेत. नऊ वर्षं त्या माझी पत्रं लिहितात. एवढ्या वर्षांनंतरही पाकीट बंद करण्याआधी मी ते औषधवाल्याच्या दुकानात नेते आणि त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेते, हे त्यांना लागतं. हे वाक्यही त्यांनी तोंड वाकडं करूनच लिहिलंय. मी काय करू? तिसाव्या वर्षापासूनची सवय आहे माझी. लिहिणारी एक, वाचणारा दुसरा. तू लहानपणी पायरीवर पाऊल वाजलं तरी ओरडायचीस, म्हणून तुझं नाव टिटवी पडलं. ती सवय तुझी गेली का?

गुडघे बरे आहेत. डोळे बरे आहेत. राग चांगला आहे. उत्तर आलं की तोही उतरेल.

तुझी,
आजी

---

१६ फेब्रुवारी

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

चष्मा पोचला, छत्री पोचली, शालजोडीतला आहेरही पोचला. तिन्हींची गरज होती.

तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. सुधारतंय, आजी. खूप सुधारलंय. मी इथे रुजू झाले तेव्हा अर्ध्या वॉर्डांत एकच पासवर्ड होता आणि तो कीबोर्डखाली चिठ्ठीवर लिहिलेला असायचा. मजकूर उघड्या पोस्टकार्डासारखा जायचा, वाटेत कुणीही वाचावा. आता तो बंद पाकिटातून जातो. किल्ली चोरली तरी एका किल्लीने दार उघडत नाही, दुसरी लागते. यंत्रांना भोकं पडली तर बरीचशी ती आपली आपणच बुजवतात. कुलपं इतकी चांगली झाली, की चोरांनी कुलपांचा नाद सोडला आणि माणसांच्या मागे लागले. खोटं नाव घ्यायचं, घाई करायची, घाबरवायचं. त्यात लोक फसतात, आणि बातमी त्यांचीच होते. शिवाय पूर्वी या रस्त्यावर शंभर माणसं होती, आता अख्खं जग आहे. गर्दी वाढली की खिसेकापूंच्या गोष्टीही वाढतात.

पण हे कुणाला पटत नाही. आम्ही मागच्या महिन्यात हॉस्पिटलमधल्या सगळ्यांना विचारलं, की तुम्हाला पूर्वीपेक्षा सुरक्षित वाटतं का. दहातल्या आठ जणांनी लिहिलं, की परिस्थिती बिघडली आहे. ज्या दोन वर्षांत एकही चोर आत शिरू शकला नाही, त्या दोन वर्षांबद्दल हे मत. वर शेरे होते. “सारखे पासवर्ड बदलायला लावता.” “प्रत्येक गोष्टीला खात्री विचारता, आम्ही चोर आहोत का?”

आता खरी गोष्ट लिहिते, जी फोनवर सांगवत नव्हती. नवे व्यवस्थापक आले आहेत. ते आमच्या खोलीत आले. आमची खोली तुला माहीत आहे, तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या यंत्रांना लागून, भिंत कायम कोमट. आम्ही तिघं बसतो. ते उभ्या उभ्याच म्हणाले, की दोन वर्षांची नोंद पाहिली, काहीच घडलेलं नाही, मग तीन माणसं इथे करतात काय. बारा मार्चला सगळ्या विभागप्रमुखांची बैठक आहे. तिथे मला दहा मिनिटं आहेत. नाही पटलं तर ही खोली बंद, निरोप ज्याच्या नावाने आला त्यालाच परत खात्री विचारण्याचा आमचा नियमही बंद.

मी काय सांगू त्यांना? काही घडलं नाही, हेच तर माझं काम. आजी, मी दमले. ज्यांच्यासाठी ओरडते त्यांनाच माझ्या ओरडण्याचा त्रास होतो. बैठकीआधीच राजीनामा द्यावा आणि घरी यावं असं फार वाटतं. तुझ्याजवळ राहीन, तिथेच काहीतरी बघीन. तू सांगशील तसं करते. ये म्हणालीस तर येते.

तुझा राग उतरला असेल तर लोभ चढू दे.

तुझी,
टिटवी

---

२४ फेब्रुवारी

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र टायपिस्टबाईंनी दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा मी ऐकलं, दुसऱ्यांदा त्यांनी ऐकलं. पहिल्या वाचनात त्या शब्दांकडेच बघत होत्या.

उत्तराबद्दल आभारी आहे. पाकीट, पोस्टकार्ड, दोन किल्ल्या, सगळं समजलं. औषधवाल्यालाही समजावलं. त्याने मान डोलावली आणि म्हणाला, तरी काही खरं नाही.

आता तुझ्या दुसऱ्या गोष्टीकडे वळते. मी एकतीस वर्षं पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात काढली. मला एक अक्षर येत नव्हतं, आणि हजारो पुस्तकं माझ्या हातांखालून गेली. छापलेला मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा करायचा, त्याला आम्ही फर्मा म्हणायचो. असे फर्मे एकावर एक ठेवले की पुस्तक. प्रत्येक फर्म्याच्या पाठीवर घडीच्या जागी एक काळी खूण छापलेली असते, पहिल्याची वर, दुसऱ्याची थोडी खाली, तिसऱ्याची आणखी खाली. गठ्ठा नीट लागला की पाठीवर जिना दिसतो. एक फर्मा गळला की जिन्याची पायरी तुटते. माझं काम जिना बघायचं. अक्षरं न वाचता मी सांगायचे, की याचं मधलं पोट गेलंय.

मालकाचा मुलगा शिकून आला आणि त्याने कारभार हाती घेतला. त्याने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, की ही बाई नुसती बघत बसते, दोन वर्षांत एक पुस्तक परत आलं नाही, मग हिची गरज काय. अगदी तुझ्या व्यवस्थापकाचेच शब्द. अशी माणसं एकाच कारखान्यात तयार होत असावीत. माझी जीभ तेव्हाही धारदार होती, पण मी बोलले नाही. मागे एक पोतं होतं. त्यात मी बाजूला काढलेली पुस्तकं टाकत असे. ते पोतं ओढत आणलं आणि त्याच्या बुटांपुढे रिकामं केलं. त्याने एक उचलून वाचायला घेतलं. गोष्टीतला माणूस एका पानावर मेला आणि पुढच्या पानावर आंघोळीला गेला. पोरगा हसला, मग त्याने दुसरं उचललं, मग तिसरं. माझी नोकरी राहिली.

एकदा मला ताप होता, तेव्हा चाळीस पुस्तकं तशीच बाहेर गेली. ती चाळीस पुस्तकं लोकांना पुढे कित्येक वर्षं आठवत होती. बाकीची कुणाला कशी आठवतील? पूर्ण पुस्तक वाचून, सगळी पानं होती बरं का, असं पत्र आजवर कुणी लिहिलेलं नाही. म्हणून तू रुसायचं कारण नाही. लोकांना निवांत वाटायला लागलं की ते आपल्याला विसरतात. तोच आपला पगार असतो, अर्धा.

तेव्हा राजीनामा द्यायचा नाही. दहा मिनिटं बोलूही नकोस, तुला बोलायला जमत नाही, तू फक्त ओरडतेस. तुझं पोतं शोध. जे जे तुम्ही दारात अडवलं, ते कुठेतरी पडलेलं असेलच. ते त्यांच्या पुढ्यात ओत. त्यानंतरही काढलं तर डोकं वर करून ये. आधीच पळून आलीस तर मी दार उघडणार नाही. उघडीन, पण वेळ लावीन.

तरी बाळा, मनाला फार त्रास होत असेल तर सगळं सोडून घरी ये. मी आता थकले आहे. माझे डोळे तुझ्या वाटेकडे लागले आहेत.

तुझी,
आजी

ता. क. अक्षर बदललेलं दिसेल. हे औषधवाल्याचं आहे. तो ते औषधांच्या चिठ्ठीसारखं काढतो, नीट लाव.

टिटवे, वरचं शेवटचं कलम माझं नाही. आज सकाळी याने दुकानात वाचून दाखवलं, तेव्हा मी म्हटलं, थांब, हे पुन्हा वाच. ‘बाळा’ मी जन्मात कुणाला म्हटलेलं नाही, तुझ्या बापालासुद्धा नाही. आणि थकले तर मुळीच नाही. मी जिना उतरून टायपिस्टबाईंच्या दारात उभी राहिले. त्यांनी कबूल केलं आणि रडायला लागल्या. म्हणाल्या, की येऊ नकोस असं सांगताना तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मला वाटलं, खरं पत्र तिकडे भिंतीवर आहे, म्हणून ते लिहिलं.

मी रागावणार होते. तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. तुझा बाप पोटात होता तेव्हा मी फार आजारी पडले. शेजारच्या एका सभ्य माणसाला सांगून आईला पत्र लिहून घेतलं, की बरं वाटत नाही, येऊन जा. त्याला वाटलं, म्हातारीला कशाला घोर. त्याने लिहिलं, सुखात आहे, काळजी नसावी. आई आली नाही. मी वाट पाहिली आणि मनात अढी धरली. पुढे तीन वर्षांनी ते पत्र तिच्या डब्यात सापडलं आणि माझ्या बहिणीच्या नवऱ्याने ते वाचून दाखवलं. तोवर आई गेलेली होती. त्या माणसाचं मन चांगलंच होतं गं. चांगल्या मनाची माणसंही दुसऱ्याच्या पत्रात हात घालतात. दुसऱ्याकडून वाचून घेण्यात कुणाचा अपमान नसतो. लिहिणाऱ्याच्या मायेलासुद्धा कधीकधी आवर लागतो.

पण टायपिस्टबाईंना मी काय बोलणार? तो शेजारी माझी हाक पुसून गेला, यांनी माझी हाक ऐकली. मी त्यांच्याकडे बसून चहा प्याले. ओळ खोडलेली नाही. ती त्यांची म्हणून वाच. तुझ्या वाटेकडे त्यांचेही डोळे लागलेले आहेत, एवढाच तिचा अर्थ.

हा औषधवाला लिहिता लिहिता मला म्हणाला, की नऊ वर्षं वाचतोय, आज पहिल्यांदा काही सापडलं, म्हणजे एवढी वर्षं फुकटच वाचलं. मी त्याला म्हटलं, “फुकट कसं? तेवढी नऊ वर्षं मी निवांत झोपले.” हे त्याला लिहायला लावलं आहे.

---

१३ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

काल बैठक झाली. आधी निकाल सांगते, म्हणजे टायपिस्टकाकू घाईघाईत पुढची ओळ वाचायला जाणार नाहीत. खोली राहिली. एका वर्षासाठी. नियमही राहिला. आता झालं कसं ते ऐक.

तुझं पत्र आल्यावर मी पोतं शोधायला लागले. आमच्याकडे नोंदी भरपूर, पण सगळे आकडे. आकडे बुटांपुढे ओतले तर आवाजसुद्धा होत नाही. मग सहकाऱ्याने गमतीने म्हटलं, की आपल्याकडे पोतं एकच आहे, तक्रारवही. आमच्या दाराला दोरीने बांधलेली असते. ज्याचं काम आमच्यामुळे अडलं, तो येऊन तीत रागाने लिहून जातो. आम्ही ती कधी उत्तर देण्यापलीकडे वाचलीच नव्हती. मी दोरी कापली आणि वही बैठकीला घेऊन गेले.

व्यवस्थापकांनी घड्याळ काढून ठेवलं. मी म्हटलं, की मी काही सांगणार नाही, तुम्हीच आमच्याबद्दल काय लिहिलंय ते वाचते. सगळे खुलले. स्वतःच्या तक्रारी ऐकायला माणसाला फार आवडतं. स्टोअरकीपरची एक तक्रार अशी होती: “नवजात बाळांच्या वॉर्डाची औषधं यापुढे दुसऱ्या पुरवठादाराकडून घ्यावीत, असा मेट्रनबाईंचा तातडीचा निरोप यांनी दोन दिवस अडवून ठेवला आणि शेवटी रद्द केला. बाळांच्या जिवाशी खेळ.” लोक माझ्याकडे बघायला लागले. मलाही ती तक्रार आठवली. तिला मी ‘नियमानुसार’ एवढंच उत्तर लिहिलं होतं.

तेवढ्यात मेट्रनबाई म्हणाल्या, “असा निरोप मी धाडलाच नव्हता.”

स्टोअरकीपर म्हणाले, की तुमच्याच नावाने आला होता, खाली तुमची सही होती. मेट्रनबाईंना मग आठवलं. ऑक्टोबरात एके दिवशी त्यांच्या फोनवर आमचा प्रश्न आला होता, की पुरवठादार बदलायला तुम्ही सांगितलंय का. त्या राउंडवर होत्या. रोजचीच कटकट म्हणून त्यांनी ‘नाही’ दाबलं आणि फोन खिशात टाकला. एकीने वैतागून ‘नाही’ दाबलं, दुसऱ्याने वैतागून तक्रार लिहिली, आम्ही वैतागून उत्तर दिलं. तिघांनाही कळलं नाही, की त्या दिवशी कुणीतरी खोटं नाव घेऊन दारात आलं होतं आणि परत गेलं. कुठली औषधं आली असती, कोण जाणे. मेट्रनबाई खुर्चीतून उठल्या. मग त्यांनी वही माझ्या हातातून घेतली आणि उरलेल्या तक्रारी स्वतः वाचायला लागल्या. एकेका तक्रारीला थांबून ज्याचं नाव असेल त्याला विचारायच्या, हे तुम्ही धाडलं होतं का. बहुतेक सगळे ‘हो’ म्हणाले. दोघं आणखी ‘नाही’ म्हणाले.

व्यवस्थापक म्हणाले, की तीनच. मेट्रनबाई म्हणाल्या, की तिन्हींत माणसं होती. त्यावर व्यवस्थापकांनी घड्याळ मनगटावर चढवलं आणि एक वर्ष दिलं.

बैठकीनंतर स्टोअरकीपर खाली आमच्या खोलीत आले. माफी मागायला आले असतील असं वाटलं. त्यांनी वही मागितली, आपली तक्रार शोधली आणि तिच्याखाली लिहिलं: “धन्यवाद. पण या खोलीचा फोन लागत नाही, तो दुरुस्त करा.” सात वर्षांत त्या वहीत पहिल्यांदा तो शब्द आला, आजी. मी बराच वेळ ते पान उघडं ठेवून बसले. आमचं चुकलंही होतं. नाही म्हटलेल्या निरोपांकडे आम्ही वळून बघतच नव्हतो. आता रोज बघायचं ठरवलंय.

म्हणजे मी येत नाही. हे लिहायला सगळ्यात जड गेलं. टायपिस्टकाकूंना सांग, त्यांची ओळ मी कापून पाकिटात ठेवली आहे. ज्या दिवशी फार दमते त्या दिवशी वाचते, आणि मग तुझं वरचं वाचते. दोन्ही लागतात. औषधवाल्या काकांना नमस्कार. त्यांचं अक्षर लावायला आमच्या डॉक्टरांची मदत घ्यावी लागली.

जपून राहा, आणि मला बोलणं असंच चालू ठेव.

तुझी,
टिटवी

---

२१ मार्च

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. टायपिस्टबाई ‘खोली राहिली’पर्यंत आल्या आणि चष्मा पुसायला थांबल्या. मी म्हटलं, चष्मा नंतर, आधी पुढचं वाचा. त्या म्हणाल्या, चष्म्याशिवाय कसं वाचू. असं आमचं चाललं होतं.

देवाचे आभार मानले, मग माणसांचे मानले. तुझ्या मेट्रनबाईंना माझा नमस्कार सांग. स्वतःची चूक पुढ्यात आल्यावर वही हातात घेणारं माणूस दहा गावांत एक मिळतं. स्टोअरकीपरलाही सांग. धन्यवाद देताना जो फोनचीही तक्रार करतो त्याचा धन्यवाद खरा असतो. आणि तुझी चूक तू मला लिहून कळवलीस, त्याचं मला जास्त बरं वाटलं.

इकडे गल्लीत तुझी गोष्ट सांगितली. तुला वाटेल, मतं बदलली असतील. औषधवाला म्हणाला, बघा, बाळांची औषधंसुद्धा सोडत नाहीत, म्हणजे काही खरं नाही. त्याला चोर दारापर्यंत आला एवढंच ऐकू आलं, परत गेला ते आलं नाही. टायपिस्टबाईंची पट्टी कॅमेऱ्यावर आहे तशीच आहे, फक्त नवी लावली आहे. तुझा बाप मात्र नंतर दोन घरं सोडून कुणाला तरी सांगत होता, की माझी मुलगी तिथे असते. कुलपं सुधारली, हे तुझं म्हणणं मी मानते. भीती सुधारायला वेळ लागेल. तिला घरभाडं पडत नाही, ती कशाला हलते? तू तुझं काम कर.

आता तुला एक सांगते आणि विषय संपवते. तुझं ते ‘ये म्हणालीस तर येते’ वाचून झालं, त्याच दुपारी मी तुझी गादी गच्चीवर उन्हात टाकली होती. दोन दिवस टाकली. उलटली, झटकली. मग टायपिस्टबाईंना बोलावून येऊ नकोस म्हणून पत्र सांगितलं. दोन्ही गोष्टी मीच केल्या आणि दोन्ही शुद्धीवर असताना केल्या. गादी आता आत आहे, छान हलकी झाली आहे. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. सुट्टी मिळेल तेव्हा तिच्यावर झोप.

मी समाधानात आहे. ज्या बाईला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, तिचं मन एकीने लिहिलं, एकाने तपासलं आणि तिसरीने शंभर कोस लांब बसून समजून घेतलं. एवढं पुष्कळांना लिहितावाचता येऊनही मिळत नाही.

माया आहे तेवढी राहू दे, उत्तराला मात्र उशीर नको.

तुझी,
आजी

ता. क. येताना आणीन म्हणून थांबू नकोस, सुकी अंजिरं टपालाने पाठव. मऊ बघून घे, मागच्या वेळची दोरीत ओवलेली होती आणि दोरीच जास्त चांगली लागत होती. तिघांपुरती पाठव.